कणकेची बाहुली आणि सातशे पानं

मागे शिट्ट्या वाजवणाऱ्या मित्रांनो,

तुमचे अजून चार नाच बाकी आहेत, त्यामुळे फार लांबवत नाही. एकाच माणसाबद्दल बोलतो: राही अनिल बर्वे. 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमिदाबाईची कोठी' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा हा मुलगा.

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्याला नारायण धारपांची एक कथा सांगितली. पोरगा घाबरला. घाबरतो तर कुणीही. याने मात्र १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, 'तुंबाड' या चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. पैसे कोण देणार? म्हणून २००८ मध्ये आधी 'मांजा' हा लघुपट केला. रस्त्यावर वाढणारा भाऊ, धाकटी बहीण आणि अंगावर येणारा काळोख. दिग्दर्शक डॅनी बॉयलला तो इतका आवडला की आपल्या 'स्लमडॉग मिल्यनेअर'च्या ब्लू-रेमध्ये त्याने तो घातला.

'तुंबाड'ला 'ए' प्रमाणपत्र आहे, तेव्हा अकरावी-बारावीवाल्यांनी 'आम्ही पाहिलाय' असं इथे ओरडू नये! त्यातला लोभी देव हस्तर आठवा. सोनं त्याचं, पण धान्य त्याला वर्ज्य. युगानुयुगं उपाशी. म्हणून नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन त्याच्याकडे खाली उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडला, की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या. विक्षिप्त कल्पना आपल्यालाही सुचतात हो, चहाच्या टपरीवर रोज सुचतात. पण हस्तरला नेमकी कशाची भूक, कशाचं भय, आत जाऊन बाहेर कसं यायचं, हे सगळे नियम बसवायला मेहनत लागते. बर्व्यांची खरी ताकद मला या हिशेबीपणात दिसते.

त्यांनी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. तरी एकामागून एक निर्माते मागे सरले. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, निर्माते सोहम शाह पाठीशी राहिले. पाऊस खरा हवा, म्हणून चार पावसाळे थांबत थांबत चित्रीकरण चाललं. २०१८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा शुभारंभ 'तुंबाड'ने झाला. आपल्याकडे तेव्हा गल्ला बेताचाच जमला. २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली.

ज्या गावात संतकवी दासोपंतांनी अख्ख्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या अंबाजोगाईच्या पोरांना सातशे पानांचं भय वाटू नये. चित्रीकरणाला हत्तीखान्याची लेणी आहेत, कवी मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी आहे, आणि कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आधी कागदावर काढा, मग खिशात हात घाला.

प्राचार्य सर, तुम्हाला एकच विनंती: पुढच्या संमेलनात नाचांमधून अर्धा तास काढून या मुलांनी केलेल्या लघुपटांना द्या. मी प्रेक्षकांत बसेन, सत्कार नको.