लिमातली माऊ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बँकेत असताना सेलू ते परभणी हाच माझा मोठा प्रवास. पण मुलगा नोकरीनिमित्त पेरूची राजधानी लिमा इथं गेला आणि दोन वर्षांच्या नातीसाठी आम्ही उभयता जुलैत तिकडं पोचलो. मुक्काम मिराफ्लोरेस भागात. समुद्र उंच कड्याखाली, वर काठानं बागाच बागा. बाबागाडी छान चालते. मात्र लेकराचा हात सोडायचा नाही, अशी सुनेची सक्त ताकीद.

तिथं पाऊस जवळपास नाहीच. थंडीत नुसतं धुकं. वाका पुक्याना हा कच्च्या विटांचा देवस्थानाचा डोंगर दीड हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडं मातीचं घर दर मृगाआधी डागडुजी मागतं!

एका संध्याकाळी केनेडी पार्कमध्ये मी तो हात सोडला. तिथं मांजरंच मांजरं. नात "गातो, गातो" करत पळाली. कोण गातो? मी आपला इकडं तिकडं बघतोय. स्पॅनिशमध्ये गातो म्हणजे मांजर, हे नंतर कळलं. तोवर नात गर्दीत दिसेनाशी झालेली. पाय लटपटले. भाषा येईना. गुडघ्यापाशी हात धरून उंची दाखवत फिरलो. एका म्हाताऱ्या बाईनं बाकाखाली बोट दाखवलं. नात मांजरापाशी बसलेली. मला बघून म्हणाली, "आबा, माऊ!" महिनाभर शिकवत होतो, तेव्हा एकदाही म्हणाली नव्हती.

सुनेला हे अजून सांगितलेलं नाही. स्मरणिका लिमाला पाठवावी की नाही, ते ठरवतोय.