गाडी उभी राहूनही म्हातारी होते
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमची मोटार सहा वर्षांत जेमतेम अठरा हजार किलोमीटर चालली होती. तरी चिखलीहून अमडापूरला येताना तांबडा दिवा लागला नि इंजिन बंद पडले. अशा वेळी ब्रेक व स्टिअरिंग जड होतात. यजमानांनी जोर लावून गाडी कडेला घेतली. मी पुन्हा किल्ली फिरवू दिली नाही, रेडिएटरचे झाकणही उघडू दिले नाही. वाफ कोंडलेला कुकर कोणी उघडते का? मिस्त्रींनी दाखविले, रबरी नळी तडकून पाणी गळाले होते. थांबलो म्हणूनच इंजिन जखडले नाही. भगिनींनो, रबर आणि इंजिनचे तेल नुसत्या वर्षांनीही खराब होते. गाडी कमी फिरली तरी दरवर्षी दोन्ही तपासून घ्या.