सायरन सगळ्यांसाठी, निवारा कुणासाठी?

(भिलाई इथे पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. ७ मेच्या पहाटे भारताने पाकिस्तानात हल्ले केले आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्या यादीत छत्तीसगडमधलं एकच नाव होतं: आपलं दुर्ग-भिलाई. कारण शोधायला लांब जायला नको. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. इथले रूळ देशभर जातात, विक्रांत या विमानवाहू नौकेसाठीही इथून पोलाद गेलं. शत्रूच्या नकाशावर असं गाव असणारच.

सायरन वाजला की आडोसा घ्या, दिवे घालवा, असा हा सराव. जुन्या विमानहल्ल्यांसाठी तो ठीक होता. पण मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चागाईला अणुचाचण्या केल्या. सिप्री या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं होती. १० मेला शस्त्रसंधी झाली, पण ही अण्वस्त्रं जागच्या जागी आहेत. दिवे घालवून त्यांच्यापासून वाचता येत नाही.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: बॉम्ब जात विचारत नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे वाक्य तपासून घ्यावंसं वाटतं.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीत बॉम्ब फुटला तो उराकामी भागावर. तिथे पिढ्यानपिढ्या धर्मासाठी छळ सोसलेले ख्रिस्ती राहत होते आणि जवळच बुराकुमिनांची वस्ती होती. बुराकुमिन म्हणजे चामड्याच्या, मेलेल्या जनावरांच्या कामामुळे जपानने ‘अपवित्र’ ठरवलेले लोक. हिरोशिमात मेलेल्यांमध्ये हजारो कोरियन होते. त्यांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं, ते शांती उद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. मेल्यावरही वेशीबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता भिलाईकडे पाहू. टाउनशिपच्या सेक्टरांत पक्की क्वार्टर्स आहेत, सेक्टर ९ ला मोठं हॉस्पिटल आहे. खुर्सीपार, छावणी, जामुलकडच्या वस्त्यांत पत्र्याखाली आडोसा कसला घ्यायचा? झोतभट्टी सायरन ऐकून दोन मिनिटांत बंद होत नाही, म्हणजे शिफ्टवरचा माणूस तिथेच थांबणार. तो ठेकेदाराकडचा असेल, तर त्याचं नाव कोणत्या यादीत शोधायचं? पळायचं म्हटलं तर गाडी कुणाकडे आहे, गावी स्वतःचं शेत कुणाचं आहे? आणि सगळं संपल्यावर ढिगारे उपसायला, मढी उचलायला कुणाला बोलावतील?

हे विचारलं की लगेच देशप्रेमाचा दाखला मागतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फौजी आहेत. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. सैनिकाचा मान त्यांना ठाऊक होता. तेच बाबासाहेब १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात हिशेब मांडतात: देशाचा वर्षाचा महसूल ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. एवढा खर्च करावा लागतो, कारण आपल्या परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्र उरू दिले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सैनिकाचा आदर आणि युद्धाचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणच बदलून टाकलं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडतात. संघात सेनापती युद्धाचा ठराव आणतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो आणि पंच नेमून तंटा मिटवा म्हणतो. बहुमत त्याच्या विरोधात जातं. घरच्यांवर सामाजिक बहिष्कार घालू, जमीन जप्त करू, अशी धमकी येते. मग तो परिव्रज्या पत्करतो. ११ मे १९९८ ला बुद्धपौर्णिमा होती. त्याच दिवशी पोखरणला स्फोट झाले, ही गोष्ट आपण विसरू नये.

आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. मोबाइलवर ‘एकदाच बॉम्ब टाकून संपवा’ असा मेसेज आला, तर घरचे आपल्याकडे पाहतात, कारण आपण शिकलेले. तो पुढे पाठवू नका. शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडे बोट दाखवणारा मेसेजही तिथेच थांबवा. दुसरं काम कागदाचं आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा: जिल्ह्याच्या नागरी संरक्षण आराखड्यात निवारे कुठे आहेत, सायरन कोणत्या वस्त्यांपर्यंत पोहोचतो, ठेका कामगारांची मोजणी त्यात आहे का? उत्तर आलं की वस्तीत बसून सगळ्यांना वाचून दाखवा. आणि ‘नाही’ असं आलं, तर ते प्रत्येक उमेदवारासमोर ठेवा.

युद्धाचा ठराव ज्या सभेत होतो, तिथे आपली माणसं मोजकीच असतात. म्हणून जिथे आपण आहोत, तिथे बोललं पाहिजे.

जयभीम.