हॉलंडमधील उन्हाळी शिक्षण : पाहिले काय, घ्यावे काय?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षानंतर उन्हाळी अभ्यासक्रमासाठी मी नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे गेलो होतो. या देशालाच आपण हॉलंड म्हणतो. आमचे घर नाशिक जिल्ह्यातील. द्राक्षे आणि कांदा ही आमची पिके. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "तिकडे एकरी किती काढतात?" प्रश्न रास्त आहे. परंतु तेथे पहिल्या काही आठवड्यांत माझ्या मनावर ठसले ते उत्पादनाचे आकडे नव्हेत.

हा देश महाराष्ट्राच्या सुमारे एक-सप्तमांश. त्याची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली. तरीही शेतमालाच्या निर्यातीत, किमतीच्या हिशेबाने, तो जगात अगदी वरच्या क्रमांकावर असतो. अर्थात, बाहेरून आणून पुन्हा पाठविलेला मालही त्यात मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे.

जून महिन्यात तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही सायकलवर येतात. दुपारचे जेवण म्हणजे पाव आणि चीज! प्राध्यापकांना विद्यार्थी नावाने हाक मारतात. 'सर' म्हणण्याची सवय असलेल्या मला हे सुरुवातीला जड गेले. पण त्यामुळे "हे असे का?" असे विचारायला कोणी कचरत नाही, हेही दिसले.

काचघरे कशासाठी?

वेस्टलँड भागात नजर जाईल तिथपर्यंत काचघरे आहेत. टोमॅटोची झाडे मातीत नसून दगडी लोकरीच्या लाद्यांवर वाढतात. खत पाण्यातून, थेंबाथेंबाने दिले जाते. निचऱ्याचे पाणी गोळा करून, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. किती पाणी दिले आणि किती निचरले याची रोज नोंद होते.

हे पाहून कोणालाही मोह होईल. पण काचघर ही त्यांच्या थंडीवरची तोड आहे. ते तापविण्यासाठी इंधन लागते. २०२२ मध्ये गॅसचे दर भडकले तेव्हा तेथील अनेक बागायतदार अडचणीत आले. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. आपली अडचण आहे पाणी आणि बाजारभाव. म्हणून काच नव्हे, नोंद ठेवण्याची रीत आपण उचलावी.

उतरत्या बोलीचा लिलाव

आल्समेर येथील फुलबाजार उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा आहे. तेथील लिलाव आपल्या उलट चालतो. घड्याळासारख्या तबकडीवर दर वरून सुरू होऊन खाली येतो. जो पहिल्यांदा बटण दाबेल, माल त्याचा. पूर्वी खरेदीदार सभागृहात बसत. आता ते संगणकावरून बोली लावतात.

माल हाताळून न पाहता खरेदी होते ती प्रतवारीच्या भरवशावर. उत्पादक स्वतःच प्रत आणि लांबी नोंदवतो आणि संस्थेचे तपासनीस त्याची पडताळणी करतात. खोटे लिहिणाऱ्याची पत जाते आणि पत गेली की भावही जातो.

आता आपल्या कांद्याचा विचार करा. ट्रॉलीत वर मोठा माल आणि खाली गोल्टी निघाली, की व्यापाऱ्याच्या खळ्यावर वाद होतो आणि भाव तुटतो. एकाने असे केले की मागच्या दहा जणांच्या मालाकडेही संशयाने पाहिले जाते. प्रतवारी हे काम नव्हे, ती आपली पत आहे. आपल्या द्राक्ष बागायतदारांनी १९९१ मध्ये 'महाग्रेप्स'च्या रूपाने एकत्र येऊन हा मार्ग धरला होताच.

पाण्याची मंडळे

समुद्राचे व नद्यांचे पाणी आवरण्यासाठी तेथे जलमंडळे आहेत. त्यांतील काहींची मुळे तेराव्या शतकात जातात. आज अशी २१ मंडळे आहेत. लोक त्यांची निवडणूक करतात आणि त्यांना कर देतात. १९५३ च्या महापुरात तेथे अठराशेहून अधिक माणसे दगावली. बांधाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे तो देश विसरलेला नाही.

आपल्याला हे परके नाही. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत शेतकरीच पाण्याची वाटणी ठरवीत आले. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांनाही अधिकार दिले आहेत. ते वापरणे आपल्या हाती आहे.

एवढे कराच

१. पाणी, खत, फवारणी व खर्च यांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवा.
२. माल शेतावरच निवडा. प्रत्येक प्रत वेगळी भरा आणि खाली-वर एकच माल ठेवा.
३. आपल्या चारीवरील पाणी वापर संस्थेच्या सभेला हजर राहा.

यासाठी परदेशी जावे लागत नाही, कर्जही काढावे लागत नाही. या हंगामापासूनच सुरुवात करावी, ही विनंती.