खाण खात्याच्या वर्षाचा हिशेब



खाण खात्याचे वर्ष कसे गेले असा प्रश्न निघाला की दोन आकडे पुढे केले जातात. लोहखनिज किती टन निघाले आणि स्वामित्वधनापोटी खजिन्यात किती रुपये जमा झाले. हे आकडे गतवर्षापेक्षा फुगलेले असले म्हणजे वर्ष उत्तम गेले, असे मानण्याची रूढी पडली आहे. गोव्याच्या अनुभवावरून पाहता ही रूढी फसवी ठरते.

२०१०-११ हे वर्ष घ्यावे. शेजारच्या कर्नाटकातून आलेला माल धरून त्या वर्षी गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी जबरदस्त होती. मांडवी आणि जुवारी या नद्यांत बार्जांची रीघ लागली होती. टनांचे माप लावले तर गुणपत्रिकेत या वर्षाचा क्रमांक वरचा लागेल. पण पोर्तुगीज अमदानीतील ज्या खाणसवलतींना १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांचे स्वरूप दिले, त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिला. म्हणजे भरभराटीच्या त्या वर्षात या पट्ट्यांतून निघालेल्या मालाला कायद्याचा आधारच नव्हता.

आता उलट बाजू पाहावी. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे पट्ट्यांचे नूतनीकरण झाले. पण न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते रद्द ठरविले व १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. अशा काळात उत्पादनाच्या रकान्यात भरण्यासारखे काही उरत नाही. म्हणून खात्याला काम नव्हते काय? खाणींवर आणि धक्क्यांवर पडून राहिलेल्या खनिजाची मोजदाद करावयाची होती, त्याचा लिलाव करावयाचा होता, पाण्याने भरलेल्या खड्ड्यांवर आणि मातीच्या डोंगरांवर नजर ठेवावयाची होती. पाऊस चांगला पडला म्हणून तलाठ्याला कोणी शाबासकी देत नाही, किंवा दुष्काळ पडला म्हणून त्याला दोषही देत नाही. बाजार आणि न्यायालय या दोहोंच्या हाती असलेल्या गोष्टींचे श्रेय वा अपश्रेय खात्याच्या पदरी बांधणे तसेच आहे.

मग पाहावयाचे काय? जे खात्याच्या हाती आहे ते.

पहिली गोष्ट वजनाची आणि प्रतीची. खनिज खाणीवरून ट्रकने नदीच्या धक्क्यावर, तेथून बार्जने मुरगाव बंदरात आणि तेथून जहाजात जाते. वाटेत त्याचे वजन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जाते. ओले खनिज जड भरते, वाटेत काही सांडते, त्यामुळे या नोंदी तंतोतंत जुळणार नाहीत. पण तफावत किती आणि तिचे कारण काय, याची पडताळणी दरसाल होणे आवश्यक आहे. प्रतीचेही तसेच. ऑगस्ट २००९ पूर्वी लोहखनिजावर टनामागे ठराविक रक्कम घेतली जात असे. त्या महिन्यापासून किमतीच्या १० टक्के आणि सप्टेंबर २०१४ पासून १५ टक्के स्वामित्वधन लागू झाले. किंमत लोहाच्या प्रमाणावर ठरते. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे असल्याने, माल ५८ टक्क्यांच्या वरचा की खालचा, एवढ्याशा नोंदीवर शासनाचे उत्पन्न कमीजास्त होते. म्हणून नमुने किती तपासले यापेक्षा, खाणीवरचा नमुना आणि बंदरावरचा नमुना किती वेळा जुळला नाही व त्यावर काय केले, हा आकडा अहवालात अधिक मोलाचा.

तपासण्यांच्या संख्येविषयीही सावध राहावे लागते. जीप खाणीवर आली, चहा झाला, वहीत सही झाली, तीही तपासणीच गणली जाते! दोष कोणता आढळला, आदेश कोणत्या तारखेला निघाला आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला पुरी झाली, हे तीन रकाने भरलेले असतील तरच त्या भेटीला अर्थ.

दुसरी गोष्ट माती आणि पाण्याची. खाणपट्ट्यातील गावांचे जिणे हिच्यावर अवलंबून आहे. गोव्यात एक टन खनिजासाठी सुमारे अडीच ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. ती पट्ट्याच्या हद्दीबाहेर टाकता येणार नाही, असे २०१४ च्या निकालाने स्पष्ट केले आहे. जुने ढीग मात्र उभेच आहेत. पावसात त्यांची माती ओहोळावाटे भातशेतीत उतरली की तांबडा गाळ बसून पीक हातचे जाते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला म्हणजे पाणी उपसून बाहेर सोडावे लागते आणि आसपासच्या विहिरी व झरी आटू लागतात.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते, ढिगाची परीक्षा मात्र जून ते सप्टेंबर या काळात होते. पावसाळ्यात आग्वादच्या मुखावरील वाळूच्या बांधामुळे मांडवीतील बार्जांना कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीकडे वळावे लागते; निसर्गाचे वर्ष असे सरकारी वर्षाहून निराळे चालते. संरक्षक भिंती, गाळ अडविणारी तळी आणि चर यांची कामे मे अखेरपूर्वी झाली की नाही, आणि पावसानंतर किती शेतांत माती आली, या दोन नोंदी शेजारी शेजारी छापल्या तर शेतकऱ्याला आपल्या गावापुरते उत्तर मिळेल. विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मे अशी दोनदा मोजणे कठीण नाही. दोरी आणि वजन एवढीच सामग्री लागते. विद्यालयातील मुलेही शिक्षकांच्या देखरेखीखाली ते करू शकतील, आणि खात्याच्या आकड्यांना पडताळा मिळेल.

चिरेखाणी आणि रेती यांचे उत्पन्न लोहखनिजाच्या मानाने थोडे. त्यांविषयी वेगळे सांगण्याऐवजी हेच रकाने त्यांनाही लावले तरी भागेल.

राहता राहिला पैसा. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आले. स्वामित्वधनाच्या हिशेबाने ठरलेला एक भाग त्यात जमा होतो आणि तो बाधित गावांसाठी आहे. लोहखनिजाच्या विक्रीतून भावी पिढ्यांसाठी स्थायी निधी उभारण्याचा आदेशही २०१४ च्या निकालात आहे. निधी किती जमला हे सांगणे सोपे. कोणत्या वाड्याला नळ पोचला, हे सांगणे खरे काम.

डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली, शिरगाव-मये, मोंत-द-शिरगाव आणि काले या पट्ट्यांचा लिलाव झाला. नव्या पट्ट्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून नव्या रकान्यांत ठेवता येण्यासारखा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा व केपे तालुक्यांतील पंचायतींकडे गाववार तक्ता पावसाळ्याच्या तोंडाशी पोचावा, ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला जावा. आणि ज्या ओळीत ‘दुरुस्ती चालू आहे’ असा शेरा सलग दुसऱ्या वर्षी आढळेल, तेथे सभेने अधिकाऱ्यांकडे काम पुरे होण्याची तारीख मागावी.