धड्यातला भीमा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लोकशाहीर अण्णाभाऊ साठे इथून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. शाळेत ते दीड दिवसच गेले. आज त्यांच्या कथा विद्यार्थी अभ्यासतात. त्यातली 'स्मशानातलं सोनं' आठवा. मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडणारा भीमा. खाण बंद पडते, घरात खायला नाही, म्हणून तो मढी उकरून सोनं शोधू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती कापावी लागतात. आणि मग कळतं, खाण पुन्हा सुरू झाली!

गाइडमध्ये तात्पर्य असतं, लोभ वाईट. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण बंधूंनो, भीमा लोभी होता का? घरात पोर होती, हाताला काम नव्हतं. साकीनाक्याच्या गाळ्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ती पाळायला आधी काम हवं. अन् अडचणीच्या दिवसांत मिळेल ती वाट धरली, तर चांगला दिवस उगवतो तेव्हा हात निकामी झालेला असतो. मला तरी त्या कथेत हे दिसतं.

म्हणून विनंती, आज घरी मुलांना मार्क विचारू नका. म्हणा, "बाळा, धडा वाचून दाखव." स्वतःला वाचता येत नसेल तरी ऐका. भीमाचं दुःख कष्टकरी आई-बापाला जेवढं कळेल, तेवढं गाइडमध्ये सापडणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!