हातच्याचा अर्थ



गणित अध्यापकांच्या संमेलनाचे अध्यक्षपद हा सन्मान आहे, तशीच ती मोठी जबाबदारीही आहे. कारण या सभागृहातील प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात दरवर्षी कितीतरी मुलांचे गणिताशी आयुष्यभराचे नाते जुळते किंवा तुटते. म्हणूनच गणिताच्या नव्या अध्यापनपद्धतींचे मर्म कशात आहे, हा एकच प्रश्न या भाषणासाठी निवडला आहे. खेळ, रंगीत साहित्य, मोबाइलवरील ॲप अशा अनेक गोष्टींना आज ‘नवी पद्धत’ म्हटले जाते. त्यांतील टिकाऊ काय आणि वरवरचे काय, हे पारखण्यासाठी मराठी शाळेतल्या एका अगदी जुन्या शब्दाची मदत होते. तो शब्द म्हणजे ‘हातचा’.

सत्तावीस आणि अठरा यांची बेरीज करताना ‘सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक’ हे शब्द महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांनी उच्चारले आहेत. परंतु हा ‘एक’ वास्तविक दहा आहे, दहा सुट्या काड्यांची बांधलेली एक जुडी आहे आणि म्हणूनच तो दशकांच्या घरात जाऊन बसतो, हे तो शब्द उच्चारणाऱ्या मुलाला उमगले आहे की नाही, यावरच प्राथमिक गणिताच्या अध्यापनाचे यश मोजले गेले पाहिजे. अंकाला त्याच्या जागेमुळे मिळणाऱ्या मोलाला ‘स्थानिक किंमत’ म्हणतात, आणि बेरजेपासून दशांश अपूर्णांकांपर्यंतची सारी इमारत याच एका कल्पनेवर उभी आहे. ही कल्पना कळण्याआधीच तिची लेखनातील रीत पाठ झाली, तर मूल काही काळ बरोबर उत्तरे देते, पण पुढे प्रत्येक नव्या पायरीवर त्याला नवी रीत पाठ करावी लागते आणि एके दिवशी हे ओझे त्याला पेलवेनासे होते.

या ओझ्याचे परिणाम सर्वांसमोर आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात २०२४ साली पाचवीतील दहापैकी सुमारे तीनच मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. मात्र ज्यांना जमले नाही, ती मुले निष्काळजी किंवा मंद आहेत असा निष्कर्ष काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. बावन्नमधून सत्तावीस वजा करताना अनेक मुले पस्तीस हे उत्तर लिहितात. पाचातून दोन गेले तीन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन गेले पाच, असा त्यांचा विचार असतो. म्हणजे ‘मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा’ हा स्वतः बनवलेला नियम ती अत्यंत निष्ठेने पाळत असतात. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास करून दाखवले, की मुलांच्या पुष्कळशा चुका यादृच्छिक नसतात, तर त्यांच्यामागे सुसंगत पण सदोष नियम असतो. लाल शाईची फुली हा नियम शोधू शकत नाही. ‘हे उत्तर कसे काढलेस?’ हा शिक्षकाचा प्रश्नच तो शोधू शकतो.

मुलाजवळ विचारशक्ती असते, पण ती पाटीवर उतरत नाही, याचा सुप्रसिद्ध पुरावा ब्राझीलमधील रेसिफे शहरातून मिळाला. टेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांना तोंडी व्यवहारातील ९८ टक्के प्रश्नांची उत्तरे बरोबर देता आली, परंतु तीच गणिते चिन्हांत मांडून कागदावर दिली तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर घसरले. पस्तीसला एक या दराने दहा नारळांची किंमत सांगताना एका मुलाने तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, मग तीनशे पंधरा आणि शेवटी तीनशे पन्नास अशा पायऱ्यांनी उत्तर गाठले. शाळेत शिकवलेला ‘दहाने गुणताना शून्य द्यावे’ हा नियम त्याने वापरला नाही. पण गुणाकार म्हणजे समान गटांची बेरीज, हे त्या नियमाच्या मुळाशी असलेले सत्य त्याच्या पूर्ण ताब्यात होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत केलेला, २०२५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने आणखी पुढे गेला. बाजारात हिशेब चोख करणारी मुले शालेय स्वरूपाच्या उदाहरणांत अडखळली, आणि शालेय उदाहरणे सोडवणारी मुले बाजारातील हिशेबात अडखळली. बाजार आणि शाळा यांच्यामध्ये पूल नाही, हे या अभ्यासाचे तात्पर्य आहे, आणि तो पूल बांधणे हेच नव्या अध्यापनपद्धतींचे खरे काम आहे.

या पुलाचा आराखडा शिक्षणशास्त्राने बऱ्याच पूर्वी काढून ठेवला आहे. जेरोम ब्रुनर यांनी १९६६ साली मांडल्याप्रमाणे माणूस एखादी कल्पना तीन रूपांत धारण करतो: प्रथम कृतीच्या रूपात, नंतर चित्राच्या रूपात आणि अखेरीस चिन्हाच्या रूपात. सिंगापूरने १९८० च्या दशकात याच क्रमावर आपली प्राथमिक गणिताची पाठ्यपुस्तके रचली. मारिया माँटेसरी यांच्या सोनेरी मण्यांमध्ये एक मणी, दहा मण्यांची सर, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन मूल हातात तोलून पाहते, आणि त्यामुळे हजार म्हणजे एकापुढे तीन शून्ये इतकाच अर्थ त्याच्या मनात राहत नाही. माँटेसरी यांच्या विचारांना ग्रामीण आणि आदिवासी मुलांच्या अंगणात आणण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केले, तेव्हा महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, दगड आणि पाने यांनी घेतली. त्या कार्याची शिकवण आजही लागू आहे. चिंचोके, आइसक्रीमच्या काड्या आणि शंभर मण्यांची माळ एवढ्या भांडवलावरही स्थानिक किंमत शिकवता येते. अट एवढीच, की साहित्य शिक्षकाच्या टेबलावर न राहता प्रत्येक मुलाच्या हातात असावे.

तथापि केवळ साहित्य हाती दिल्याने गणित शिकून होते, हा समजही तितकाच घातक आहे. काड्यांच्या जुड्या बांधणारे मूल आणि वहीत हातचा लिहिणारे मूल एकच असले, तरी त्याच्या मनात या दोन कृतींचा संबंध आपोआप जुळत नाही. तो बोलण्यातून जुळतो. कृती आणि चिन्ह यांच्यामधली ही बोलण्याची पायरी मराठी वर्गांत सर्वाधिक दुर्लक्षित राहिली आहे, आणि या भाषणाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे, की गणित हातातून ओठांवर आणि ओठांवरून कागदावर उतरले पाहिजे. अठरा गुणिले पाच हे एकच उदाहरण फळ्यावर लिहून कागद-पेन्सिल न वापरता उत्तर काढायला सांगितले, तर कोणी वीस पंचे शंभरातून दहा वजा करील, कोणी दहा पंचे पन्नास आणि आठ पंचे चाळीस एकत्र करील, तर कोणी अठराचे निम्मे करून पाचाची दुप्पट करील आणि नऊ दाहे नव्वद म्हणेल. यांतील पहिल्या दोन रीती मुलांच्या तोंडून वर्गासमोर आल्या, की वितरणाचा नियम, म्हणजे संख्येचे भाग पाडून प्रत्येक भागाला गुणले तरी अंतिम गुणाकार बदलत नाही हे तत्त्व, त्याचे नाव माहीत होण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या मालकीचे होते. दररोज दहा मिनिटांच्या अशा संख्यासंवादाला कोणताही खर्च येत नाही.

ओठांवरच्या गणिताचा विचार करताना मराठी संख्यानामांचा प्रश्न टाळता येत नाही. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी येतात आणि वीस नंतर, लेखनात मात्र दोन आधी आणि पाच नंतर. ‘एकोणतीस’ म्हणजे एकाने ऊन, म्हणजे कमी, असे तीस, आणि ऐकू तीस येत असले तरी लिहिताना सुरुवात दोनाने करावी लागते. पंचवीस ऐकून बावन्न लिहिणारे मूल कानाने ऐकलेल्या क्रमाशी प्रामाणिक असते. कानडीत वीस-एक अशा क्रमाचीच संख्यानामे आहेत, आणि नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृत निर्णयाने एक-आणि-वीस हा क्रम बदलून वीस-एक असा केला. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रचना आली तेव्हा मोठा वाद झाला. विषय समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण हाच निकष समोर ठेवून त्या रचनेची बाजू शांतपणे मांडली. ‘एकवीस’, ‘बावीस’ हे शब्द भाषेचे वैभव आहेत आणि ते टिकलेच पाहिजेत. परंतु ‘वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे दोन्ही शब्द जोडून म्हणण्याने ते वैभव कमी होत नाही, उलट त्या शब्दाची घडण मुलाला दिसू लागते. ज्या मुलांच्या घरी कोरकू, गोंडी, भिली, वारली किंवा अहिराणी बोलली जाते, त्यांच्या बाबतीत घरची संख्यानामे वर्गात आदराने बोलू देणे ही तर शिकण्याची पहिलीच अट आहे.

याच भाषेने गणिताला दिलेले देणेही तितकेच मोठे आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वी स्वयंपाकघरात आणि किराणा दुकानात ऐकते, आणि पंतोजींच्या शाळेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकीपासून साडेतीनच्या औटकीपर्यंत अपूर्णांकांचे पाढे होते. हे सर्व पाढे आज पाठ करण्याची गरज नसली, तरी त्यामागची अपूर्णांकांची सहज ओळख गमावणे परवडणारे नाही. लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ सालच्या ग्रंथात अमेरिकी आणि चिनी शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न येथे उपयोगी पडतो: पावणेदोनला अर्ध्याने भागणे म्हणजे काय, हे सांगणारी एखादी गोष्ट रचा. बहुतेक चिनी शिक्षकांना ती रचता आली. तेवीस अमेरिकी शिक्षकांपैकी केवळ एकाला योग्य गोष्ट रचता आली. मराठी मुलासाठी ती गोष्ट अगदी जवळ आहे: पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या भरतील? उत्तर साडेतीन, म्हणजेच औट. भागाकार करूनही उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे कसे आले, हे कोडे पिशवी लहान आहे एवढ्या साध्या कारणाने उलगडते, आणि ‘उलटा करून गुणा’ हा नियम त्यानंतर आला, तर तो परका वाटत नाही.

गणितातील आनंदाविषयी बोलताना दोन नावांचे स्मरण या भूमीत अपरिहार्य आहे. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त भुंग्यांच्या थव्याची, वाऱ्याने मोडलेल्या वेळूची, मोर आणि सापाची उदाहरणे आहेत आणि त्यांतील अनेक प्रश्न एका मुलीला उद्देशून विचारलेले आहेत. गणित हा संवाद आहे, ही जाणीव त्या ग्रंथाच्या रचनेतच आहे. चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाची साक्ष देतो. दुसरे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करून त्यांची वजाबाकी करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ती बदलत नाही. ३५२४ पासून निघाले, तर ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशा तीनच पायऱ्या पुरतात. हातच्याच्या वजाबाकीचा जो सराव एरवी शिक्षेसारखा वाटतो, तोच येथे शोधाच्या ओढीने मुले आपणहून करतात. आनंद ही गणिताला बाहेरून चढवायची झिलई नसते, तर उत्तर आपल्याला सापडले या अनुभवातच तो जन्म घेतो, हे एका शाळाशिक्षकाच्या या शोधाने स्पष्ट होते.

तीन अपेक्षा या संमेलनापुढे ठेवणे योग्य ठरेल. पहिली, प्राथमिक वर्गांत साहित्याला कुलपातून मुक्ती मिळावी, आणि गणितपेटीची नोंद साठा-वहीत किती नीट आहे यापेक्षा तिचे मणी किती झिजले आहेत, याला अधिक महत्त्व मिळावे. दुसरी, मूल्यमापनात उत्तराइतकेच उत्तराच्या कारणालाही गुण असावेत, कारण परीक्षेत जे विचारले जात नाही, त्याला वर्गात वेळ मिळत नाही. तिसरी, शिक्षकांना एकत्र बसून पाठ रचण्याची, एकमेकांचे पाठ पाहण्याची आणि ते सुधारण्याची सवड मिळावी. जपानमध्ये ‘पाठ-अभ्यास’ या नावाने ही परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे आणि तेथील गणित अध्यापनाच्या गुणवत्तेचा ती एक पाया मानली जाते. ‘निपुण भारत’ या २०२१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे; त्याची पूर्तता आदेश आणि तक्ते यांच्यापेक्षा अधिक, वर्गातील दररोजच्या संवादावर अवलंबून आहे.

मराठी व्यवहारात ‘हातचा राखणे’ म्हणजे पुढे उपयोगी पडेल असे काही जवळ ठेवणे. प्राथमिक शाळेने प्रत्येक मुलाजवळ असा एक हातचा ठेवावा: नियम विसरला, तरी तो पुन्हा उभा करता येईल अशी समज. दुसरीतील एखादी मुलगी बेरीज करता करता थांबून ‘हा एक म्हणजे दहा आहे’ असे स्वतःच्या शब्दांत सांगते, तेव्हा तो हातचा तिच्या पदरात पडलेला असतो. असे क्षण महाराष्ट्रातील आणि गोव्यातील प्रत्येक मराठी वर्गात रोज घडावेत, हीच या संमेलनाकडून अपेक्षा आहे.